एक ते नऊ आणि परत एक

(आपल्या संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



 

वार्षिक समारंभातील व्याख्यान म्हटले की उपदेश आलाच, अशी श्रोत्यांची समजूत असते. मीही शेवटी थोडा उपदेश करणार आहे, कारण मी मास्तर आहे आणि सवय लवकर सुटत नाही. पण तोपर्यंत आपण सर्वांनी मिळून एका संख्येकडे पाहायचे आहे. फक्त एका. ज्यांच्याजवळ वही-पेन्सिल असेल त्यांनी ती लिहून घ्यावी. मी सावकाश सांगतो :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकूण सतरा अंक. एकपासून नऊपर्यंत चढत जायचे आणि नऊपासून एकपर्यंत उतरत यायचे. पाठ करायला याहून सोपी मोठी संख्या सापडणार नाही. आपल्या मुलांपैकी काहींचा हात मराठी लिहिताना डावीकडून उजवीकडे चालतो आणि उर्दू लिहिताना उजवीकडून डावीकडे. ही संख्या दोन्हींकडून वाचली तरी तीच. अंक मात्र उर्दू लिहितानाही डावीकडूनच मांडतात. त्यामुळे उर्दू लिहिणारा मुलगा ओळीच्या मध्येच थांबतो, हात फिरवून आकडा लिहितो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. ती हाताची फेरी आपण रोज करतो, पण त्यामागे बाराशे वर्षांचा प्रवास आहे, तो पुढे सांगेन.

संख्येचे नाव आणि आवाका

ही संख्या वाचायची कशी? भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. तीत एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या नावांनी आपली संख्या अशी वाचता येईल : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शतक, दोन दशक आणि एक. अठरापैकी सतरा स्थाने भरली. परार्ध तेवढा एक घर पुढे राहिला.

हीच अठरा स्थाने एका मुसलमान विद्वानानेही नोंदवून ठेवली आहेत. अबू रैहान अल्-बिरुनी यांनी सुमारे १०३० साली हिंदुस्थानविषयी अरबीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी संस्कृत स्थाननामे अनुक्रमाने दिली आहेत आणि जाणकारांमध्ये कोठे मतभेद आहेत तेही लिहिले आहे. परक्या देशाची विद्या शिकायची तर ती किती आदराने आणि किती काटेकोरपणे शिकावी, याचा तो ग्रंथ एक वस्तुपाठच होय.

नावे कळली, तरी आवाका कळत नाही. म्हणून दोन हिशेब करू.

पहिला हिशेब धानाचा. आपण सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा या धानाच्या मुलखातली माणसे, तेव्हा दाण्यांनीच मोजू. एका ग्रॅममध्ये तांदळाचे पन्नास दाणे धरा. मग आपल्या संख्येइतक्या दाण्यांचे वजन सुमारे चोवीस कोटी एकोणसत्तर लाख टन भरते. सबंध भारतात अलीकडे वर्षाला चौदा-पंधरा कोटी टनांच्या आसपास तांदूळ पिकतो. म्हणजे देशातल्या सगळ्या बांध्यांचे दीड वर्षाचे पीक एके ठिकाणी ओतले तरी आपली संख्या पुरी होत नाही.

दुसरा हिशेब कोळशाचा. समजा, कोणी एक, दोन, तीन असे मोजायला बसला. दर सेकंदाला एक आकडा. झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. वर्षात सुमारे तीन कोटी साडेपंधरा लाख सेकंद असतात. या हिशेबाने आपल्या संख्येपर्यंत पोचायला त्याला एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. बल्लारपूर आणि घुग्घुसच्या खाणींतून जो कोळसा निघतो, तो सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा आहे. मोजणाऱ्याने आज पोचायचे ठरवले असते, तर ती अरण्ये उगवण्याच्याही आधी त्याला मोजायला बसावे लागले असते! आणि ही एवढी संख्या आपण आत्ता वहीच्या एका ओळीत लिहिली. दहा चिन्हे आणि स्थानाची किंमत, एवढ्या दोन गोष्टींनी माणसाच्या हाती किती सामर्थ्य आले, ते यावरून दिसते.

ही संख्या येते कोठून?

आता गंमत पाहा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

पुढचे मुले आपणच सांगतील. असे करत नऊ वेळा एक लिहून, म्हणजे १११११११११ या संख्येला तिनेच गुणले की आपली सतरा अंकी संख्या मिळते. ती एका पूर्णांकाचा वर्ग आहे.

असे का व्हावे? जादू मुळीच नाही. गुणाकार मांडून पाहा. १११ ला १११ ने गुणताना आपण एकाखाली एक तीन ओळी लिहितो. प्रत्येक ओळ १११ चीच, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज घ्या. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक आहे. दुसऱ्या घरात दोन आहेत, तिसऱ्यात तीन. तेथून ओळी एकेक करून संपू लागतात, म्हणून चौथ्या घरात दोन आणि पाचव्यात एक. झाले १२३२१. नऊ ओळी मांडल्या की मधल्या घरात नऊ एक एकाखाली एक उभे राहतात आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या उतरत जातात.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. आपल्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज करा. ती एक्याऐंशी येते. का? कारण मांडणीत नऊ ओळी आहेत, प्रत्येकीत नऊ एक आहेत, एकूण एक्याऐंशी एक. आपण ते फक्त निरनिराळ्या घरांत वाटले. गणितात अशी दोन उत्तरे एकाच कारणाने जुळली की मनाला जे वाटते, ते सांगता येत नाही, अनुभवावे लागते.

ही शोभा जुन्या लोकांच्याही ध्यानात आली होती. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात गुणाकाराची अशी उदाहरणे आहेत की ज्यांचे उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे. त्यांतील एक उदाहरण म्हणजे २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर येते १२३४५६५४३२१. ही आपल्याच संख्येची धाकटी बहीण. ती सहापर्यंत चढते आणि उतरते.

आणि त्याच नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी बसले होते. हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी पुस्तक लिहिले. ते पुढे लॅटिनमध्ये गेले आणि युरोपला ही दहा चिन्हे कळली. आज संगणकवाले ज्याला ‘अल्गोरिदम’ म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून आला आणि ‘अल्जेब्रा’ हा शब्द त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’वरून. त्या दुसऱ्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांविषयी आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे. मुलीचा हिस्सा, पत्नीचा हिस्सा, आईचा हिस्सा न्यायाने द्यायचा, जकातीचा चाळिसावा भाग बिनचूक काढायचा, तर हिशेब आला पाहिजे. आपल्या पूर्वसूरींनी गणिताला हक्क चुकता करण्याचे साधन मानले होते.

दख्खनमध्ये एक जैन पंडित, बगदादमध्ये एक मुसलमान आलिम, आणि दोघांच्या पाटीवर तीच दहा चिन्हे. उर्दू लिहिताना आपला हात अंकापाशी फिरतो, त्यामागचा बाराशे वर्षांचा प्रवास तो हाच.

देवळालीचे मास्तर

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. या जातीच्या संख्यांना एक नाव आहे, ‘डेम्लो संख्या’. हे नाव कोणी दिले? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्म. शालेय शिक्षण ठाण्यास, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. पदवी एवढीच. प्राध्यापकी नाही, संशोधन संस्था नाही, मदतनीस नाही. शाळा सुटल्यावर वही घेऊन ते आकड्यांशी खेळत बसत.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर, डेम्लो नावाचे स्थानक होते. तेथे या संख्यांची कल्पना सुचली म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले. आपण गाडीची वाट पाहताना काय करतो, याचा प्रत्येकाने विचार करावा!

डेम्लो संख्येचे लक्षण सोपे आहे. १६५ घ्या. टोकाचे १ आणि ५ मिळवले की ६ होतात आणि मध्ये ६ च आहे. २५५३ घ्या. टोकांची बेरीज ५ आणि मध्ये ५५. ४७७७३ घ्या. टोकांची बेरीज ७ आणि मध्ये ७७७. आता आपली मोठी संख्या तोडा. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. डावी आणि उजवी बाजू मिळवा :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

सगळे नऊ, आणि मध्ये बसलेलाही नऊ. १, १२१, १२३२१ पासून सुरू होणाऱ्या या मालिकेला कापरेकरांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले, ते उगीच नव्हे.

त्यांनी आणखी एका प्रकाराला ‘हर्षद संख्या’ म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. उदाहरणार्थ १२. अंकांची बेरीज ३, आणि तीन चोक बारा. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आली होती. ८१ ने भागून पाहा :

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

बाकी शून्य! म्हणजे आपली संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही आहे. शिवाय आलेला भागाकार पुन्हा वर्गच आहे, तो १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्ये आठ गायब आहे, इकडे लक्ष द्या. हिला ९ ने गुणले की १११११११११ येतात, १८ ने गुणले की २२२२२२२२२, २७ ने गुणले की ३३३३३३३३३. धाकट्या भावाला आवडता अंक विचारा, मनात त्याची नऊपट करा आणि तिने १२३४५६७९ ला गुणायला सांगा. उत्तरात त्याचाच आवडता अंक नऊ वेळा येईल.

कापरेकरांचे नाव जगभर झाले ते ६१७४ या संख्येमुळे. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. १९४७ घेऊन पाहू. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पावलांत प्रत्येक संख्या येथे येऊन थांबते. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पण आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जग देवळालीकडे पाहू लागले. तेव्हा मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली ते वारले.

आपल्याच बांध्यातला दाखला

कोणी म्हणेल, हे नाशिककडचे झाले, आपल्या जंगलपट्टीत असे कोण आहे? गणितातले नव्हे, पण पाहण्याची तीच दृष्टी असलेले एक गृहस्थ आपल्याच नागभीड तालुक्यात होऊन गेले. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेती थोडीशी. १९८३ च्या सुमारास आपल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. शेकडो लोकांनी त्या पाहिल्या असत्या आणि कापून पेंढीत बांधल्या असत्या. दादाजींनी त्या निराळ्या काढल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, निराळ्या जपल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत गेले. त्यातून जो बारीक तांदूळ झाला, त्याला घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले आणि तो कितीतरी मुलखांत पोचला. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१८ साली ते वारले.

कापरेकरांच्या वहीत आकडे होते, दादाजींच्या बांधीत लोंब्या होत्या. दोघांनी एकच केले. काहीतरी वेगळे दिसले तेव्हा ते थांबले, त्यांनी नोंद ठेवली आणि पुन्हा करून पाहिले.

दहाव्या पायरीवर

आता माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. आपण नऊ एकांपर्यंत आलो. एकपासून नऊपर्यंत नऊ वेळा नियम खरा ठरला. मग दहा एकांचा वर्ग केला तर? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले उत्साहाने ओरडतात, ‘सर, नऊच्या पुढे दहा येतील!’ काहींना वाटते शून्य येईल. गुणाकार मांडला की उत्तर येते :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

पाहा, काय झाले! मांडणी तीच, ओळी तशाच, पण मधल्या घरात दहा एक उभे राहिले. एका घरात दहा मावत नाहीत. हातचा एक डावीकडे गेला. तिकडे नऊ होते, त्यांचेही दहा झाले, हातचा आणखी पुढे गेला. आठाचे नऊ झाले आणि आठ नाहीसाच झाला. चढण-उतरणीची सारी शोभा एका हातच्याने मोडली.

ज्याने फक्त उत्तरे पाहिली होती, तो येथे फसला. ज्याने ‘का’ विचारले होते, त्याला अगोदरच ठाऊक होते की घरात नऊपर्यंतच जागा आहे.

मोठे मोठे गणितीही असे फसले आहेत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फर्मा नावाचे थोर गणिती होते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या एका विशिष्ट रीतीने तयार होणाऱ्या पाच संख्या. पाचही मूळ संख्या, म्हणजे स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. यापुढच्याही साऱ्या मूळच असतील, असे फर्मांना वाटले. सहावी संख्या होती ४२९४९६७२९७. १७३२ साली ऑयलर यांनी दाखवून दिले की तिला ६४१ ने भाग जातो. पाच वेळा खरे, सहाव्यांदा खोटे.

पालकहो, हे केवळ शाळेच्या फळ्यावरचे नाही. आपल्या गावांतून दामदुप्पट योजना येतात. दरमहा भरघोस रक्कम हाती पडते. पहिला महिना पैसे येतात, दुसरा येतात, नववाही येतात. शेजारी म्हणतो, ‘नऊ महिने चुकले नाहीत, आता काय चुकणार?’ मग कोणी धानाचे पैसे घालतो, कोणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले घालतो. दहाव्या महिन्यात कचेरीला कुलूप! नऊ वेळा मिळाले, हे उत्तर झाले. हे पैसे येतात कोठून, हा ‘का’चा प्रश्न. तो पहिल्याच महिन्यात विचारता येतो आणि तो विचारायला सातवी-आठवीचे गणित पुरते. ज्या घरातले मूल तो प्रश्न विचारायला शिकले, ते घर सहसा लुटले जात नाही.

यंत्र आणि पेन्सिल

विद्यार्थी म्हणतील, आता मोबाइल आहे, गणकयंत्र आहे, हाताने कशाला करायचे? तर यंत्राची एक परीक्षा घ्या. दुकानातल्या साध्या गणकयंत्रावर आठ किंवा बारा अंक मावतात. त्यावर ही संख्या मावणारच नाही. संगणकावर हिशेबाचे जे तक्ते करतात, त्यांपैकी सर्वांत परिचित तक्त्यात ही संख्या घाला. तो पहिले पंधरा अंक धरतो आणि शेवटचे दोन शून्ये करून टाकतो. १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसते. एकवीस गेले! आणि चूक झाली, असेही तो सांगत नाही. संगणकाकडून अचूक उत्तर काढता येते, पण त्यासाठी यंत्र कोठे तोकडे पडते हे माणसाला ठाऊक असावे लागते. भामरागडच्या किंवा सिरोंच्याच्या शाळेतली मुलगी चौकटीच्या वहीत नऊ ओळी नीट मांडील, तर तिचे उत्तर त्या तक्त्यापेक्षा अचूक असेल. वही दहा-वीस रुपयांना मिळते.

पालकांशी दोन शब्द

उपदेशाचे वचन दिले होते, ते थोडक्यात पुरे करतो.

‘गणित आपल्या पोरांच्या बसचे नाही’ हे वाक्य घरात उच्चारू नका. मूल ते पाढ्यांपेक्षा लवकर पाठ करते. आपल्या मुलांची एक अडचण खरी आहे. घरी उनासी म्हणायचे आणि शाळेत एकोणऐंशी, घरी पैंतालीस आणि शाळेत पंचेचाळीस. आपल्याच जिल्ह्यांत माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली बोलणारी मुले हीच कसरत करतात. मूल शब्दाशी अडखळले तर ते गणितात कच्चे आहे, असा निवाडा देऊ नका. त्याला आकडा लिहून दाखवा. लिहिलेल्या आकड्याला मातृभाषा नसते.

मुलींविषयी विशेष सांगतो. दहावी झाली की मुलीचे गणित सुटते आणि त्याबरोबर तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी, संगणक, लेखापरीक्षण, अशी कितीतरी दारे आवाज न करता बंद होतात. पूर्वी उच्च शिक्षण म्हणजे नागपूर, असे होते. १९९६ पासून चंद्रपुरास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्या गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ आले. लांबचे कारण आता राहिलेले नाही. इराणच्या मरियम मिर्झाखानी या मुलीला लहानपणी लेखिका व्हायचे होते. पुढे ती गणिताकडे वळली आणि २०१४ साली गणितातला सर्वोच्च मानला जाणारा फील्ड्स सन्मान मिळवणारी जगातली पहिली स्त्री ठरली. २०१७ साली तिचे निधन झाले, आयुष्य चाळीसच वर्षांचे लाभले. प्रत्येक मुलगी मिर्झाखानी होणार नाही. पण दहावीतच दार बंद केले तर कोण होणार होती, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

घरी करण्यासाठी

विद्यार्थी मित्रांनो, रिकाम्या हाताने जाऊ नका. तीन प्रश्न देतो.

पहिला : १११ ला ३७ ने भाग जातो. मग १११११११११ ला जाईल का? भागाकार न करता कारण सांगा.

दुसरा : आपल्या सतरा अंकी संख्येला एकूण पंचेचाळीस विभाजक आहेत. पंचेचाळीस ही विषम संख्या आहे. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. का बरे? ९, १६, २५ यांपासून सुरुवात करा. विभाजकांच्या जोड्या लावा, कोण एकटा उरतो ते पाहा.

तिसरा : चार अंकांच्या संख्या ६१७४ वर थांबतात. तीन अंकांच्या कोठे थांबतात, ते शोधून काढा.

उत्तर कोणाला विचारू नका. दोन दिवस लागले तरी चालेल. घरात कोणी शिकलेले नसेल तर आईला शेजारी बसवा आणि काय करता आहात ते तिला समजावून सांगा. सांगता सांगता तुमचे तुम्हालाच उमगेल. उत्तर आले की माझ्याकडे या, आणि उत्तराबरोबर ‘का’ घेऊन या.